मैदानात फुकट वायफाय देऊ नका, आधी भेळवालीला नेट द्या



यात्रांचा सीझन जवळ आला की दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "दादा, आमच्या कुस्ती मैदानाला वायफाय बसवायचंय. पब्लिकला फुकट द्यायचंय. किती घ्याल?" कुठे कुस्ती असते, कुठे बैलगाडा शर्यत, कुठे टेनिस बॉलची नाईट टूर्नामेंट. पण मागणी तीच. पोस्टरवर इनामाच्या रकमेखाली एक ओळ हवी असते, 'मैदानात मोफत वायफाय'.

तुमच्यापैकी बरेच जण सीसीटीव्ही, कॉम्प्युटर, केबल, इंटरनेटच्या धंद्यात आहेत. तुम्हालाही हा फोन येणार. म्हणून माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. दहा-पंधरा हजारांच्या उघड्या मैदानात सगळ्या पब्लिकला फुकट वायफाय द्यायचं काम घेऊ नका. पन्नास-साठ लोकांना पक्कं, बंद, पासवर्डवालं नेट द्यायचं काम घ्या. पैसे त्यातच आहेत आणि इज्जतही त्यातच आहे. हे मला बीबीएच्या कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. तोंडावर आपटून कळलंय. कसं ते सांगतो.

पहिल्या वर्षी काय झालं

आमच्या भागातलं एक यात्रेचं मैदान. कमिटीने बोलावलं, मी ४०,००० चं कोटेशन दिलं, अध्यक्षांनी एका मिनिटात हो म्हटलं. मी खूश. तीनशे मीटरवरच्या एका इमारतीत २०० एमबीपीएसचं फायबर होतं. तिथून रेडिओने मैदानात नेट आणलं, लाईटच्या खांबांवर सहा आउटडोअर ॲक्सेस पॉइंट लावले. एकच नेटवर्क, पासवर्ड नाही. दुपारी दोनला मोकळ्या मैदानात स्पीड टेस्ट केली, १८० आला. त्याचा व्हिडिओसुद्धा काढून ठेवला होता, चॅनेलवर टाकायला!

चारला हलगी वाजली. निवेदकांनी माईकवरून तीनदा पुकारलं, "फुकट वायफाय आहे मंडळी, जोडून घ्या." पाच वाजायच्या आत लाईव्ह प्रक्षेपण अडकायला लागलं. मी लॅपटॉपपाशी धावलो. तेवढ्यात भेळेच्या गाडीवरचा पोरगा आला, "दादा, आईनं बोलावलंय."

त्या ताईंनी माझ्या सांगण्यावरून फोन वायफायला जोडायचा प्रयत्न केला होता. फोन नुसता फिरत होता. साउंडबॉक्स गप्प, कारण त्यात सिम असतं आणि टॉवर केव्हाच बसला होता. गिऱ्हाईक म्हणतंय, "ताई, माझ्या खात्यातनं गेले, हे बघा." मागे वीस माणसं उभी. ताई काय करणार? प्लेट देऊन मोकळ्या होत होत्या. रात्री हिशेब केला तेव्हा अठराशे रुपये कमी भरले. त्यातले काही खरोखर गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले असतील आणि उशिरा जमाही झाले असतील. पण त्या रात्री त्यांच्या हातात काय होतं? काहीच नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या यात्रेचा दिवस होता तो.

ताई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमचं नसतं तर मी रोखच मागितले असते ना." हे वाक्य माझ्या अजून लक्षात आहे.

चूक नक्की कुठे झाली

घरी जाऊन रात्रभर लॉग बघितले. तीन गोष्टी सापडल्या. तिन्ही माझ्याच.

एक. पत्ते संपले होते. प्रत्येक फोनला नेटवर्कवर एक आयपी पत्ता लागतो. राउटर डब्यातून काढला की त्यात साधारण अडीचशे पत्ते असतात आणि एकदा दिलेला पत्ता बऱ्याचदा २४ तास त्याच फोनच्या नावावर अडकून राहतो. दुकानात, ऑफिसात हे चालतं. मैदानात पहिल्या अडीचशे लोकांनी पत्ते घेतले, त्यातले कितीतरी उठून घरी गेले, तरी पत्ते त्यांच्याच नावावर. आणि हे पहिले अडीचशे कोण? जे निवांत बसले होते ते. भेळवाली, रसवाला, पार्किंगच्या पावत्या फाडणारी पोरं कामात होती. त्यांनी फोन उशिरा जोडले. म्हणजे ज्यांचं पोट त्या नेटवर होतं तेच रांगेत शेवटी राहिले. स्पीड कितीही असो, पत्ताच नाही तर नेट कुठून येणार?

दोन. हवा भरली होती. लोकांना वाटतं २०० एमबीपीएस म्हणजे २०० ची टाकी आहे, सगळ्यांना वाटून मिळेल. तसं नसतं. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. माझे ॲक्सेस पॉइंट सहा. म्हणजे दोन-दोन एकाच चॅनेलवर भांडत होते. त्यात लांब बसलेला फोन हळू बोलतो, एवढासा डेटा पाठवायला जास्त वेळ खातो आणि तेवढा वेळ जवळचे सगळे खोळंबतात. लाईव्हचा लॅपटॉपही मी त्याच हवेवर ठेवला होता. ही तर शुद्ध मूर्खपणाची गोष्ट.

तीन. दुपारची टेस्ट खोटी होती. माणसाच्या शरीरात बहुतेक पाणीच असतं आणि पाणी वायफायचा सिग्नल खातं. रिकाम्या मैदानात १८० आलेला स्पीड भरलेल्या मैदानात येतच नसतो. रिकाम्या मैदानाची स्पीड टेस्ट म्हणजे दुकान उघडायच्या आधी काढलेला गल्ल्याचा अंदाज!

आणि सगळ्यात वाईट भाग ऐका. ज्यांचे फोन जोडले गेले त्यांच्या स्क्रीनवर वायफायचं चिन्ह दिसत होतं. मग फोन मोबाईल डेटाकडे पटकन वळत नाही. म्हणजे थोडाफार टॉवर ज्यांना मिळाला असता त्यांचाही मी घालवला. नेट नसलेलं परवडतं, अर्धमेलं नेट परवडत नाही.

"पण मोठ्या स्टेडियममध्ये देतातच की"

देतात. २०१६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या वेळी आपल्या वानखेडेसकट देशातल्या काही स्टेडियममध्ये जिओने वायफाय दिलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत सुपर बोलचा पन्नासावा सामना कॅलिफोर्नियातल्या लेव्हाईज स्टेडियममध्ये झाला. तिथे एका दिवसात प्रेक्षकांनी वायफायवर १० टेराबाइटच्या वर डेटा वापरला. पण ते कसं जमलं ते बघा. त्या स्टेडियममध्ये हजाराच्या वर ॲक्सेस पॉइंट होते आणि त्यातले कितीतरी चक्क खुर्च्यांच्या खाली बसवलेले.

खुर्चीखाली का? मुद्दाम माणसांच्या गर्दीत गाडले म्हणून. माणसांची शरीरं सिग्नल खातात, त्यामुळे एका खोक्याचा आवाज दहा रांगा सोडून बसलेल्या खोक्यापर्यंत जात नाही. आपल्याला जी अडचण वाटते तीच त्यांनी भिंत म्हणून वापरली. इमारत बांधतानाच केबल खालून नेलेली असते म्हणून हे जमतं. तुम्ही-आम्ही एका दिवसासाठी मातीत हे करू शकतो का? नाही.

आता आपलं कोल्हापूरचं खासबाग मैदान डोळ्यांसमोर आणा. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली सुरू झालेलं. मधे आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसणार. कुस्तीसाठी याच्याइतकी चांगली रचना नाही. पण वायफायसाठी हीच रचना सगळ्यात अवघड, कारण जिथून प्रत्येक माणसाला प्रत्येक जागा दिसते तिथून प्रत्येक ॲक्सेस पॉइंटलाही दुसरा प्रत्येक ॲक्सेस पॉइंट 'दिसतो' आणि सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. यात्रेतली बहुतेक मैदानं अशीच खोलगट असतात, नाहीतर सपाट उघडी. म्हणून खांबावर अजून चार खोकी वाढवली की प्रश्न सुटतो असं नाही. बऱ्याचदा वाढतो.

मग मागायचं काय, द्यायचं काय

दुसऱ्या वर्षी कमिटीने मलाच बोलावलं. पहिल्या वर्षीचे दहा हजार मी आपणहून परत केले होते, त्याचा तो परिणाम. या वेळी मी म्हटलं, "अध्यक्ष, पोस्टरवरची ती ओळ काढा."

अध्यक्ष चिडले. शेजारच्या गावाने ती ओळ टाकली होती. दुसरा एक जण ३०,००० मध्ये सगळ्या पब्लिकला फुकट वायफाय द्यायला तयार होता. काम हातातून चाललं होतं. घरी बायको म्हणाली, "हो म्हणून टाका, पडलं तर पडलं." मोह झाला, खोटं कशाला बोलू? दुकानाचा हप्ता मलाही असतो.

मी कमिटीला एकच प्रश्न विचारला. नेट बंद पडलं तर मैदानात कुणाचं काम थांबेल? आणि वहीत यादी केली. ४८ स्टॉल. लाईव्ह प्रक्षेपणवाले. पंचांचं टेबल. पार्किंगची वसुली. रुग्णवाहिका आणि प्रथमोपचाराचा तंबू. पोलीस मदत केंद्र. सगळे मिळून साठ-पासष्ट फोन. पंधरा हजार नव्हे! कुस्ती बघणाऱ्याचं नेट तासभर गेलं तर तो कुस्तीच बघेल, ज्यासाठी तो आलाय. एका कमिटी सदस्याचा स्वतःचा रसाचा स्टॉल होता. तो म्हणाला, "हे बरोबर आहे." काम मला मिळालं.

मी केलं ते असं:

१. लाईव्ह आणि पंचांचं टेबल यांना हवेवर ठेवलंच नाही. सरळ केबल. नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंतच धड चालते, त्याच्या पुढे फायबर ओढली. लाईव्हला ७२०पी साठी तीन-चार, १०८०पी साठी पाच-सहा एमबीपीएस अपलोड सतत लागतो. डाउनलोड कितीही असू दे, अपलोड विचारून घ्या.

२. स्टॉलसाठी बंद नेटवर्क. पासवर्ड प्रत्येक स्टॉलवर जाऊन मी स्वतः टाकून दिला, कागदावर लिहून दिला नाही. कागद दिला की तो संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाकडे जातो.

३. ५ गिगाहर्ट्झ वापरलं, चॅनेलची रुंदी २० वर ठेवली. रुंदी कमी म्हणजे एकाचा स्पीड कमी, पण भांडणं कमी. यूपीआयला स्पीड लागतच नाही. अगदी थोडा डेटा जातो, फक्त तो वेळेवर जायला हवा. म्हणून प्रत्येक फोनला १ एमबीपीएसची मर्यादा घातली. कुणी रील बघत बसलं तरी शेजारच्याचं पेमेंट अडत नाही.

४. अँटेना एका दिशेला टाकणाऱ्या घेतल्या आणि तोंड स्टॉलच्या रांगेकडे केलं, प्रेक्षकांकडे पाठ.

५. पत्ते अडीचशेचे हजार केले आणि मुदत २४ तासांवरून एक तासावर आणली. पाच मिनिटांचं काम. पहिल्या वर्षी हे एवढं केलं असतं तरी निम्मं वाचलं असतं.

६. दुसऱ्या कंपनीची वेगळी जोडणी उंच खांबावरच्या सिमवाल्या राउटरवर ठेवली. टॉवर बसल्यावर तीही मंदावते, पण फायबर तुटलं तर शून्यापेक्षा बरी. जनरेटरवर थेट काही लावलं नाही, मधे यूपीएस.

दिवस पार पडला. अगदी निर्वेध नाही! सहाच्या सुमाराला एका पोराने मोबाईल चार्जिंगला लावायला माझ्या एका खोक्याचा प्लग काढला, बारा स्टॉल सात मिनिटं बंद. तेव्हापासून बोर्डाला कुलूप लावतो. पण शेवटच्या मोठ्या कुस्तीला, मैदान खचाखच भरलेलं असताना, भेळेच्या गाडीवरचा फोन चालू होता आणि 'पैसे मिळाले' हे मी स्वतः उभा राहून ऐकलं.

पैशाचा हिशेब

तुम्ही हे विचारणारच, म्हणून लिहितो. दुसऱ्या वर्षीचं कोटेशन ५२,०००. इंटरनेट जोडणी ९,०००, दुसरी जोडणी २,०००, केबल-फायबर-खांबाचं सामान ८,०००, चार माणसं दोन दिवस ८,०००, यूपीएस-बॅटरी भाडं ३,०००, माझ्या यंत्रांचं भाडं १०,०००, माझी मजुरी आणि नफा १२,०००. कमिटीने प्रत्येक स्टॉलच्या जागाभाड्यात ३०० रुपये वाढवले, त्याचे १४,४०० झाले. दोन प्रायोजकांकडून २०,०००. उरलेले १७,६०० कमिटीचे. स्टॉलवाल्यांनी कुरकुर केली का? एकानेही नाही. गेल्या वर्षीचा अनुभव होता ना!

यंत्रांचं भाडं वेगळं लावा. "माझ्याकडे पडलेलीच आहेत" असं म्हणून फुकट लावू नका. ऊन, धूळ, पाऊस यात ती झिजतात, पुढच्या वर्षी तुम्हालाच घ्यायची असतात.

कागद नीट ठेवा

घरगुती ब्रॉडबँड घेऊन त्यावर मैदान चालवू नका, बहुतेक कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही. जोडणी कमिटीच्या नावावर, कार्यक्रमासाठी म्हणून, लेखी मागून घ्या. आपण मजुरी आणि भाडं घ्यायचं, डेटा विकायचा नाही. बिनपासवर्डचं उघडं नेटवर्क तर कधीच नको. त्यावरून कुणी उद्योग केला तर पहिली चौकशी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याची होते.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे वायफायचे पट्टे आपल्याकडे विनापरवाना आहेत, पण ठरावीक ताकदीच्या मर्यादेत. ऑनलाईन मिळणारे 'पॉवर बूस्टर' लावू नका. नियमाचं सोडा, फायदाही नाही. तुमचा खांब ओरडला तरी समोरचा फोन तेवढ्याच हळू आवाजात उत्तर देणार.

आणि खरोखर पब्लिकला वायफाय विकायचंच असेल तर सरळ रस्ता आहे. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना. चहाचं दुकानही त्यात सार्वजनिक डेटा ऑफिस होऊ शकतं, त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही, फक्त नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी जोडून घ्यावं लागतं. गिऱ्हाइकाची ओळख, लॉगिन त्या व्यवस्थेतून होतं. पण हे बाराही महिने चालणाऱ्या चौकासाठी, बस स्टँडसाठी चांगलं. एका दिवसाच्या मैदानासाठी नव्हे.

ज्यांना माझं पटत नाही त्यांना

काही जण म्हणतील, "गरीब पोरांना फुकट नेट मिळत असेल तर तुमचं काय जातं?" मुद्दा चुकीचा नाही. देता येत असेल तर जरूर द्या. पण देता येत नसताना पोस्टरवर लिहिणं हे देणं नव्हे. पब्लिकचं नेट सुधारायचं असेल तर त्याचा मार्ग टॉवर आहे. कुंभमेळ्यासारख्या गर्दीला कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणतात. तुमच्या यात्रेला दरवर्षी किती गर्दी होते ते लिहून कमिटीने तहसील कार्यालयामार्फत आणि थेट कंपन्यांकडे दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. मिळेलच असं नाही, पण मागणी योग्य दाराशी जाईल. तोपर्यंत प्रत्येक स्टॉलवाल्याला सुट्टे पैसे ठेवायला सांगा. हे सांगायला नेटवर्क इंजिनिअर लागत नाही, पण मी पहिल्या वर्षी सांगितलं नव्हतं.

आपल्या धंद्यात 'हो' म्हणणं फार सोपं असतं. कोटेशनमध्ये काय देणार ते सगळे लिहितात. काय देणार नाही ते एका ओळीत लिहायला शिका. 'प्रेक्षकांसाठी वायफाय या कामात समाविष्ट नाही.' ही ओळ लिहिल्यामुळे दोन कामं माझ्या हातून गेली आहेत. जाऊ देत. ज्या तीन कमिट्यांनी ती ओळ वाचून सही केली, त्या दरवर्षी मलाच फोन करतात.

आता तुमच्यासाठी काम. पुढचं मैदान घ्यायच्या आधी यंत्रं नका बघू. वही घ्या, मैदानाला एक फेरी मारा आणि नेट गेलं तर ज्यांचा गल्ला थांबेल त्यांची नावं लिहा. कोटेशन त्या यादीचं काढा.

आणि हो, भेळ खाऊन या. ताई अजून त्याच कोपऱ्यावर गाडी लावतात. मला अजून पैसे घेत नाहीत, म्हणून मी स्कॅन करून मोकळा होतो. नेट चालू आहे की नाही तेही तपासून होतं.